ॲलॉय चाक वाकलंय : सरळ करून घ्यावं की बदलावं?

अबोली_म

नमस्कार मंडळी. जाणकारांचा सल्ला हवा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गणपतीला राजापूरला जाताना माणगावच्या पुढे पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. डावीकडची दोन्ही चाकं एकामागून एक त्यात आपटली. गाडीत पाच जण, डिकी गच्च, वेग पन्नास-पंचावन्न असेल. गाडी नीट चालत होती म्हणून तसेच पुढे गेलो. सकाळी बघतो तर पुढच्या चाकातली हवा निम्म्यावर. गावातल्या पंक्चरवाल्याने चाक पाण्यात बुडवलं. टायरला पंक्चर नाही, पण रिमच्या आतल्या कडेपाशी बारीक बुडबुड्यांची माळ लागलेली. वाटेत हवा भरत भरत ठाण्याला परतलो. आता ८०च्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरतं.

गाडी बलेनो, चौथं वर्ष चालू आहे. कंपनीने दिलेली १६ इंची ॲलॉय आहेत, टायर १९५/५५ आर १६.

सर्व्हिस सेंटरने दोन्ही रिम आणि दोन्ही टायर बदलायला सांगितले आहेत, अंदाजपत्रक तीस हजारांच्या वर. घराजवळचा टायरवाला म्हणतो, "ताई, गॅसवर तापवून दोन तासांत सरळ करून देतो, दोन्हीचे मिळून अडीच हजार द्या." फरक मोठा आहे. पण दिवाळीला याच गाडीतून सासूबाई आणि मुलं पुन्हा याच रस्त्याने जाणार आहेत. दुरुस्त केलेल्या चाकावर भरवसा कितपत ठेवायचा, हे मला खरं विचारायचं आहे.

घाटवाट

रिमचं नंतर बघू, आधी टायर बघा. दोन्ही चाकं काढून टायरच्या बाजूवरून, आतून आणि बाहेरून, हाताचा तळवा फिरवा. कुठे सुपारीएवढा जरी फुगवटा लागला तरी तो टायर गेला. दणक्यात टायरची भिंत रिम आणि रस्त्यामध्ये चिरडली जाते, आतले धागे तुटतात आणि मग हवेचा दाब फक्त रबर पेलत असतं. त्याला दुरुस्ती नाही. आतल्या बाजूचा फुगवटा चाक गाडीवर असताना दिसत नाही. चाक उतरवूनच बघा.

तोपर्यंत हायवेला नेऊ नका.

कोकणगाडी

कणकवलीत टुरिस्ट गाडी चालवतो. माझ्या गाडीला स्टीलच्या रिम आहेत आणि स्टीलच्याच राहणार. ह्या रस्त्याला दर पावसाळ्यात एखादी कड चेपतेच. हातोडा आणि लाकडाचा ठोकळा घेऊन पंक्चरवाला कड बाहेर काढून देतो, चाक फिरवून बघतो, थोडा आउट (फिरताना दिसणारा वाकडेपणा) राहिला तर परत ठोकतो. शंभर-दोनशे रुपयांचं काम. ताई, खर्चच करायचा असेल तर १५ इंची स्टीलच्या चार घ्या आणि मोकळे व्हा.

लेथवाला

अबोलीताई, भोसरीला माझं छोटं मशीन शॉप आहे. रिम दुरुस्तीचा धंदा माझा नाही, पण ओतीव ॲल्युमिनियमवर रोज काम असतं, त्यामुळे धातूच्या बाजूने सांगतो.

कोकणगाडी म्हणतात ते स्टीलच्या बाबतीत पूर्ण बरोबर आहे. स्टीलची रिम पत्रा दाबून बनवतात. तो पत्रा वाकतो आणि परत वाकवलेला सोसतोही. तुमची कंपनीची ॲलॉय मात्र ओतीव आहेत. पितळेच्या पातेल्याला पोचा येतो आणि बिडाचा तवा तडकतो, तोच फरक. ओतीव ॲल्युमिनियम थोडं वाकतं, पण वाकताना कुठेतरी चीर धरायची शक्यता कायम असते.

आता गॅसवर तापवण्याबद्दल. या रिम बहुतेक ॲल्युमिनियममध्ये साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम घातलेल्या धातूच्या असतात. ओतून झाल्यावर चाक ५४० अंशांच्या आसपास काही तास तापवतात, लगेच पाण्यात थंड करतात आणि मग पुन्हा दीडशे ते पावणेदोनशे अंशांत काही तास ठेवतात. चाकाची ताकद या दुसऱ्या भट्टीत येते. एकदा ती आली की त्याच धातूवर गॅसची ज्योत धरून तापमान दोनशेच्या वर नेलं, तर तेवढ्या भागाची ताकद उतरायला लागते. त्यात ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. रंग न बदलता ते तीनशे-चारशेला जातं आणि कारागिराला पत्ता लागत नाही. चाक सरळ होतं, गोल फिरतं, बॅलन्सिंगही होतं, पण ती जागा मऊ पडलेली असते. पुढच्या खड्ड्यात पहिली तीच चेपणार.

म्हणून माझं मत : दुरुस्ती करायचीच असेल तर हायड्रोलिक जॅक असलेल्या मशीनवर, चाक मधल्या भोकावर पकडून, हळूहळू दाब देऊन करणाऱ्याकडे जा. काही चांगले कारागीर थोडी ऊब देतात, कारण अगदी गार ओतीव धातू दाबताना तडकू शकतो. पण ती ऊब तापमान मोजून दिलेली असते. ज्याच्याकडे मोजायचं साधन नाही आणि हातात नुसती ज्योत आहे, त्याच्याकडे चाक देऊ नका.

आणि मुख्य गोष्ट : नक्की कुठे वाकलंय? फोटो टाका. आतली कड, बाहेरची कड, की स्पोक जिथे रिमला मिळतात ती जागा? निर्णय त्यावर आहे.

सागरवेळ

लेथवाला, आदर ठेवून असहमत. माझ्या जुन्या गाडीची दोन ॲलॉय नाशिकला गॅसवरच सरळ करून घेतली होती. त्यानंतर गाडी मुलाकडे गेली, अजून चालते, थरथर नाही, हवा उतरत नाही. सगळे लोक हेच करतात. प्रत्येक खड्ड्याला दहा-दहा हजारांची रिम घ्यायची तर मध्यमवर्गीयाने गाडी चालवायचीच नाही का?

लेथवाला

तुमची चाकं टिकली याचा आनंद आहे, आणि टिकतातही. आतली कड दोन मिलिमीटर वाकली असेल आणि ज्योत थोडा वेळ लागली असेल तर फारसं बिघडत नाही. अडचण अशी की किती तापवलं ते ना त्याला माहीत, ना आपल्याला. एखाद्या चाकाला काही होणार नाही, एखाद्याला होईल, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतील. पाच माणसं बसवून परशुराम घाट उतरायचा असेल तर तो अंदाज मी घेणार नाही. मी "नवीनच घ्या" म्हणत नाहीये, "नीट दुरुस्त करा" म्हणतोय. ज्योतीवरच्या आणि नीट केलेल्या दुरुस्तीत फार तर हजार-पाचशेचा फरक पडेल.

नेकारकाठ

मी श्टुटगार्टला असतो. इथे वाकलेलं ॲलॉय चाक दाबून, तापवून किंवा वेल्डिंग करून सरळ करणं मान्यच नाही. वरवरचे ओरखडे घासून रंगवायला हरकत नसते. चाक वाकलं की बदलायचं. खूप जण हिवाळ्याचे टायर स्टीलच्या रिमवर चढवून ठेवतात, त्यामुळे घरात चाकांचा दुसरा संच असतो.

भारतात हाच नियम लावा असं माझं म्हणणं नाही, रस्ते वेगळे, किमती वेगळ्या. पण ओतीव चाक सरळ करण्याबद्दल इथले तंत्रज्ञ एवढे कडक का आहेत, ते लेथवाला यांनी लिहिलेल्या कारणातच आहे.

पॉलिसीवाचक

कुणी विम्याचं लिहिलं नाही म्हणून लिहितो. दुरुस्तीला हात लावायच्या आधी विमा कंपनीला कळवा, नंतर कळवून उपयोग होत नाही.

नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळतं. तुमची रिम वाकली आहे, म्हणजे टायरपलीकडेही नुकसान आहे, हे विमा कंपनीच्या सर्वेअरसमोर ठामपणे मांडा. रिम धातूचा भाग, त्यामुळे तिला वयानुसार घसारा लागतो : गाडीला तीन वर्षं झाली असतील आणि चार व्हायची असतील तर २५ टक्के. झीरो डेप ॲड-ऑन असेल तर हा घसारा कापत नाहीत. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर दाव्यामागे १००० रुपये आपले जातात. तुमची ११९७ सीसी, म्हणजे १००० धरा.

आता दुसरी बाजू. तीन वर्षं दावा केला नसेल तर तुम्हाला ३५ टक्के नो क्लेम बोनस मिळत असेल. दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्यावर येतो आणि परत २० पासून चढायला लागतो. बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा एकच रिम बदलायची ठरली तर बहुतेक वेळा खिशातून भरलेलं परवडतं. दोन रिम, टायर आणि खाली चाक धरून ठेवणारा लोअर आर्म वगैरेही वाकलं असेल तर दावा करा. आपल्या पॉलिसीतला ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) हप्ता बघून कागदावर आकडेमोड करा, पाच मिनिटांचं काम आहे.

घाटवाट

लोअर आर्मचं नाव निघालं ते बरं झालं. चाकाला एवढा दणका बसतो तेव्हा तो पुढे टाय रॉड, लोअर आर्म, शॉकअप आणि बेअरिंगपर्यंत जातो. अलाइनमेंट मशीनवर गाडी लावून आकडे छापून घ्या. डाव्या-उजव्या चाकाच्या कॅम्बरमध्ये (चाकाच्या उभ्या कलामध्ये) मोठा फरक दिसला आणि तो जुळवता येत नसेल, तर काहीतरी वाकलंय. नुसती रिम बदलून गाडी एका बाजूला ओढतच राहील, नवीन टायरही एका कडेने झिजेल.

अबोली_म

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भाच्याला बरोबर घेऊन दोन्ही चाकं उतरवली. फोटो खाली टाकले आहेत.

पुढचं चाक : आतल्या कडेला साधारण चार बोटं रुंदीचा भाग आत दबलाय. बाहेरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. पुढच्या टायरला आतल्या बाजूने फुगवटा आहे, घाटवाट म्हणाले तसाच.

मागचं चाक : कड थोडीशीच दबली आहे, हवाही उतरत नाही. पण एका स्पोकच्या मुळाशी केसासारखी रेघ दिसते. ओरखडा आहे की चीर, कळत नाही. टायर ठीक वाटतो.

लेथवाला

फोटो पाहिले. पुढच्या चाकाचं अगदी नेहमीचं आहे. स्पोक बाहेरच्या कडेजवळ असतात, त्यामुळे बाहेरच्या कडेला आधार मिळतो. आतली कड मात्र नुसती पातळ नळकांड्यासारखी पुढे आलेली असते, दणका बसला की तीच जाते.

मागच्या रेघेची परीक्षा घरी होते. चाक साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करा. रेघेवर रॉकेल लावा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग फडक्याने स्वच्छ पुसून त्यावर खडूची पूड पातळ चोळा. ओरखडा असेल तर खडू पांढरा राहील. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येईल आणि खडूवर ओली काळपट रेघ उमटेल. वर्कशॉपमध्ये यासाठी लाल रंगाचा डाय आणि पांढऱ्या पावडरीचे स्प्रे मिळतात, ते असतील तर उत्तमच. रेघेच्या मागच्या बाजूनेही हेच करा.

चीर निघाली तर त्या चाकाचा विषय संपला. कडेची चीर आर्गॉन वेल्डिंग करून भरणारे लोक आहेत, पण वेल्डिंगची उष्णता आजूबाजूच्या धातूची ताकद घालवते आणि पुढची चीर त्या जोडाच्या शेजारूनच धावते. स्पोकच्या मुळाशी तर हा प्रयोग करूच नका. चाक एकदा फिरलं की प्रत्येक स्पोकवर एकदा भार येतो आणि जातो. तिथली चीर जागच्या जागी थांबत नाही.

सागरवेळ

स्पोकच्या चिरेबाबत मीही सहमत आहे. तिथे पैसा बघू नये.

अबोली_म

रॉकेल मिळवायलाच अर्धा दिवस गेला! खडूवर रेघ उमटली. आधी काही दिसेना, मग दहा मिनिटांत बोटाच्या पेराएवढी ओली रेघ वर आली. मागच्या बाजूनेही तीच. शेजारच्या स्पोकला मुद्दाम हेच करून पाहिलं, तिथे खडू पांढराच राहिला.

तेव्हा मागची रिम बदलायची, हे नक्की. पुढची सरळ करून घ्यावी असं वाटतंय. तुमचं काय मत? आणि १५ इंची स्टीलचा विचारही डोक्यात घोळतोय. नवरा म्हणतो ॲलॉयशिवाय गाडी बोडकी दिसेल, पण मला दिसण्याचं फार नाही.

कोकणगाडी

आकडे बघा ताई. तुमचा टायर १९५/५५, म्हणजे भिंतीची उंची १९५चे ५५ टक्के, साधारण १०७ मिलिमीटर. खालच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतो, त्याची भिंत १२० मिलिमीटर. बाहेरून चाकाची उंची जवळपास तेवढीच राहते, त्यामुळे स्पीडोमीटर फसत नाही. पण खड्डा आणि रिमच्या मध्ये बोटभर जास्त रबर येतं. कोकणात कायम ये-जा असेल तर ह्याच्यासारखं दुसरं नाही. दिसायला साधं, पण कणकवलीपासून पनवेलपर्यंत कुठेही ठोकून मिळतं.

घाटवाट

बरोबर आहे, पण चार रिम आणि चार टायर घ्यावे लागतील, आणि ताईंचे तीन टायर अजून चांगले आहेत. ते झिजल्यावर हा बदल करणं शहाणपणाचं. आत्ता एक रिम आणि पुढचे टायर एवढ्यातच भागवा. एकच नवीन टायर टाकू नका. जोडीने घ्या, आणि उतरलेला चांगला टायर जपून ठेवा.

तोवर हवेकडे लक्ष द्या. ड्रायव्हरच्या दाराशी स्टिकर असतो, त्यावर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा दाब दिलेला असेल तर प्रवासाआधी तेवढा भरा. कमी हवेचा टायर खड्ड्यात सगळा दबतो आणि दणका थेट रिमला बसतो. खड्डा चुकवता येतच नसेल तर त्याच्या आधी ब्रेक लावा आणि कडेला पोचायच्या क्षणी सोडा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली झुकलेलं असतं, पुढचा शॉकअप आधीच दबलेला असतो.

लेथवाला

पुढची रिम सरळ करायला माझी हरकत नाही : कड आतली, चीर दिसत नाही, स्पोकपासून लांब, आणि पूर्वी कधी दुरुस्त केलेली नाही. मात्र सरळ केल्यावर तिथेही रॉकेल-खडू करून घ्या. चीर बऱ्याचदा सरळ करतानाच पडते. आधीची परीक्षा पुरेशी नाही.

काम झाल्यावर कारागिराला बॅलन्सिंगची चिठ्ठी मागू नका, डायल (वाकडेपणा मोजणारं काट्याचं साधन) लावून आउट दाखवायला सांगा. बॅलन्सिंगची वजनं चाकाचा जड-हलकेपणा मिटवतात, वाकडेपणा मिटवत नाहीत. अंड्यासारखं चाकसुद्धा मशीनवर शून्य दाखवू शकतं आणि रस्त्यावर थरथरतं. टायर बसतो त्या जागी डायलचा काटा टेकवून चाक एक फेरी फिरवायचं, वर-खाली आणि आत-बाहेर दोन्ही. कंपनीगणिक मर्यादा वेगळी असते, पण काटा एक मिलिमीटरच्या आत फिरायला हवा. अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला तर काम उत्तम झालं. डायल नसेल तर गाडी जॅकवर घ्या, स्क्रूड्रायव्हरचं टोक रिमच्या कडेजवळ स्थिर धरा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. फट कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसते.

हे चाक मागे टाका. मागच्या चाकाची थोडी थरथर सीटमध्ये जाणवते, स्टिअरिंगमध्ये येत नाही. टायरची जोडी मात्र मोडू नका. नवे दोन टायर मागच्या दोन्ही चाकांवर चढवा.

अबोली_म

नवीन रिम कंपनीचीच घ्यावी की बाजारातली? एका दुकानात तशीच दिसणारी निम्म्या किमतीत आहे. आणि एक जण जुनी, रंगवलेली, "झिरो आउट" म्हणून देतोय.

घाटवाट

जुनी रंगवलेली नको. ताज्या पावडर कोटिंगखाली वेल्डिंग दिसत नाही.

बाजारातली घेणार असाल तर तिच्यावर आयएसआय शिक्का बघा. मग मापं : तुमच्या गाडीला चार नट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर, आणि मधलं भोक ५४.१. बाजारातल्या रिमचं भोक बहुतेक वेळा मोठं, ७३.१ वगैरे असतं. तसं असेल तर मध्ये बसणारी रिंग घ्या, नाहीतर चाक नेमकं मधोमध बसत नाही आणि थरथर सुरूच राहते. चाकाच्या मागे जे (रिमची रुंदी) आणि ईटी (चाक किती आत-बाहेर बसतं ते) असे आकडे कोरलेले असतात, ते तुमच्या जुन्या चाकाशी जुळलेच पाहिजेत. एकच बदलताय, म्हणून मी तरी कंपनीची घेईन. तीन एक आणि एक निराळं, असं नको.

अबोली_म

अपडेट : पुढची रिम जॅकच्या मशीनवर सरळ करून घेतली. आधी दोन ठिकाणी विचारलं, दोघांकडेही नुसती ज्योतच होती. तिसऱ्याकडे मशीन होतं आणि डायलही. काटा सगळ्यात जास्त अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा पुढे गेला. नंतर तिथेच खडू लावला, पांढरा राहिला. मागची रिम कंपनीची नवीन घेतली, दोन टायर नवीन, अलाइनमेंटचे आकडे दोन्हीकडे सारखे आले. आकडेमोड करून विम्याचा दावा केला नाही, बोनस जास्त किमतीचा निघाला. एकूण खर्च अंदाजपत्रकापेक्षा बराच कमी झाला. ठाणे-नाशिक रस्त्यावर १००पर्यंत नेऊन पाहिली, स्टिअरिंग शांत आहे.

एक शेवटचं विचारते. चीर गेलेली रिम टायरवाला दीड हजाराला मागतोय. देऊन टाकू?

लेथवाला

काम छान करून घेतलंत. शंभरेक किलोमीटर झाले असतील तर नट एकदा टॉर्क पान्याने तपासून घ्या, आकडा गाडीच्या पुस्तकात आहे.

ती रिम मात्र अशी अख्खी देऊ नका. ती चीर आर्गॉनने भरली जाईल, वर रंग बसेल आणि "झिरो आउट" म्हणून कुणाच्या तरी गाडीला लागेल. कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे नेऊन ग्राइंडरने कड दोन ठिकाणी आरपार कापून घ्या आणि मग भंगारात द्या. ॲल्युमिनियमचा भाव किलोवर मिळतोच. दीड हजार येणार नाहीत, पण चालेल.

अबोली_म

उद्याच कापून घेते.